बँडसॉचं वय

सर पडले ते अगदी साधेच पडले. दुसऱ्या मजल्यावरून खाली येताना वळणावरची पायरी चुकली आणि पुढच्या काही पायऱ्या ते बसून उतरले. धरायला हाताशी काही नव्हतं, कारण इमारत बांधणाऱ्याने त्या जिन्याला दोन्ही बाजूंनी भिंती दिल्या होत्या आणि रेलिंग द्यायचं तो विसरला होता. पाहिलं फक्त त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. सर उठले, विजार झटकली आणि म्हणाले, "ही पायरी ढिली झालीय." पायरी दगडी होती. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच, फक्त सरांचं नाक पडण्याआधीही कधी खाली आलेलं नव्हतं.

सर म्हणजे टायपिंगचे सर. अर्ध्या गावाची बोटं त्यांनी पळायला लावली होती. मिनिटाला किती शब्द, यावर ते माणसाची किंमत करत आणि ज्याची बोटं रेंगाळत त्याच्या चारित्र्याबद्दलही शंका घेत. क्लास बंद झाल्यावर हा सगळा वेग तळमजल्यावरच्या गॅरेजात येऊन राहिला. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती, म्हणून गॅरेज रिकामं होतं आणि त्यात एक बँडसॉ होता. एक चाक वर, एक खाली, त्यांवरून गरगर फिरणारं दातेरी पातं आणि मधे टेबल. त्यावर सर स्टुलं, फडताळं आणि कुणालाही नको असलेल्या पुस्तकांच्या घोड्या बनवत. एकंदरीत माणूस सुखात होता.

पडल्यावर चार दिवस ते लंगडत होते. नेमका तेव्हाच मुलीचा फोन आला आणि बाबा फोनपाशी यायला इतका वेळ का लावतात, असं तिने विचारलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या की अगं, माझेच गुडघे जरा दुखतायत, ते मला धरून हळूहळू चालतात ना, म्हणून. संसारात बायका नवऱ्यासाठी काय काय करतात याची यादी कुणी केली, तर स्वतःचे धडधाकट गुडघे दुखवणं तिच्यात बरंच वर यावं.

पण मुलगी सरांचीच होती, वेगवान. आठवड्याच्या आत तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला लिफ्ट असलेला फ्लॅट बघून ठेवला. बाराव्या मजल्यावर, छान उजेड, आणि आवाज करायला सक्त मनाई. गॅरेज नाही. तिने साफ सांगितलं, "मी पुढच्या रविवारी येते. जिना बघते. आईला धरायला काही असेल तर राहा तिथेच. नसेल तर सामान बांधायचं."

सरांनी त्या दिवशी बँडसॉवरून दोनदा फडकं फिरवलं. त्यावरून काकूंना कळलं की या माणसाला या घरातून उठवलं तर तो बाराव्या मजल्यावर खिडकीत बसून नुसता ट्रॅफिक मोजेल. त्यांना स्वतःलाही हे घर सोडायचं नव्हतं. तेव्हा ठरलं की रविवारच्या आत जिन्याला रेलिंग लागलं पाहिजे.

लाकडाचं रेलिंग सरांनी डोळे मिटून केलं असतं. पण जिना सगळ्यांचा, आणि सगळ्यांचं जे असतं त्यासाठी बैठक लागते. बैठकीत सेक्रेटरींनी सांगितलं की लाकडाला वाळवी लागते, वाळवी भिंतीत शिरते, भिंतीतून दुसऱ्या भिंतीत जाते आणि मग सेक्रेटरीला विचारलं जातं. त्यामुळे रेलिंग लोखंडीच. ते उजवीकडे असावं की डावीकडे यावर पुढे इतका वेळ गेला की चहा निवला, कारण चढणाऱ्याचा उजवा हात तोच उतरणाऱ्याचा डावा असतो ही गोष्ट त्या संध्याकाळी बऱ्याच जणांच्या पहिल्यांदाच लक्षात आली. एका बाईंना त्यावर छत्र्यांसाठी आकडे हवे होते. एका गृहस्थांनी विचारलं की इतकी वर्षं रेलिंग नव्हतं तर कोण पडलं? त्यावर सरांनीच सगळ्यांत जोरात मान हलवली. "अगदी बरोबर. मला तर त्याची गरजच नाही. हिचे गुडघे आहेत म्हणून." काकूंनी सवयीने गुडघ्यावर हात ठेवला. शेवटी ठराव झाला: रेलिंग लोखंडी करावं, काम सरांनी करावं, देखरेख सेक्रेटरींनी करावी. अशा कामांची वाटणी सगळीकडे याच पद्धतीने होते.

लोखंडी पाइप आले. ते तुकड्यांत कापायचे, तुकडे वेल्डरकडून जोडून घ्यायचे आणि भिंतीला बोल्टने बसवायचे, एवढंच काम. पण घोडं वेल्डरकडे अडलं. त्याचा कापणारा माणूस सुट्टीवर होता आणि दुकानात कामांची रांग लागली होती. कापून आणलंत तर शनिवारी जोडून देतो, म्हणाला, नाहीतर पुढच्या महिन्यात या. इथवर ठीक होतं. पण सर निघताना तो आणखी एक वाक्य बोलला. "सर, तुम्ही लाकूडवाले. लोखंडाच्या नादी लागू नका."

हे वाक्य सर घरापर्यंत चघळत आले. काकूंनी हातकरवत पुढे केली. सरांनी सकाळभर ती चालवली, पाइपाला एक सुबक खाच पडली आणि दुपारी जेवताना त्यांचा उजवा हात ताटापर्यंत पोचेना. मग त्यांनी डाव्या हाताने जेवत जाहीर केलं की पाइप बँडसॉवर कापले जातील. जे पातं लाकूड कापतं ते लोखंडही कापेल, फक्त जोर लावला पाहिजे आणि वेग कमी होऊ देता कामा नये.

वेग कमी झाला नाही. पाइप पात्याला टेकला तसा असा काही आवाज निघाला की तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा पेशंट खुर्चीतून उठून तसाच घरी गेला. ठिणग्या उडाल्या त्या थेट टेबलाखालच्या पेटीत, जिथे दोन वर्षांचा भुसा सुखाने पडून होता. भुसा धुमसू लागला. धूर जिन्यातून वर चढला आणि पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींना भेटला. सेक्रेटरी बादली घेऊन आले आणि त्यांनी ती जरा जास्तच देखरेखीने सरांच्या अंगावरही ओतली. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी सूचना लागली: 'गॅरेजात धूर काढू नये.' नाव नव्हतं, पण इमारतीत गॅरेज एकच होतं.

डॉक्टर आले ते खरं म्हणजे भांडायला. पण त्यांनी टेबलावर पडलेलं पातं उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांच्यातला वैद्य जागा झाला. सगळे दात गेलेत, म्हणाले. झीज नाही ही, जळलेत. दातांचा प्रश्न होता तर मला आधी बोलवायचं नाही का, अशी वर तक्रार. सर ओले होते आणि दमले होते, त्यामुळे त्यांनी हेही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर बाजारातून लोखंडासाठीची बारीक दातांची दोन पाती घेऊन आले. दुकानात तेवढीच होती. पाकिटावर छापलं होतं की लोखंडासाठी पात्याचा वेग मिनिटाला साठ मीटर ठेवावा. सरांचा बँडसॉ याच्या पंधरापट पळत होता. टायपिंगच्या सरांनी जन्मभर जे केलं तेच आताही केलं. खिशातून पेन काढलं, साठच्या पुढे एक शून्य लिहिलं आणि कंसात लिहिलं, 'छपाईची चूक'.

ते पाकीट डॉक्टरांच्या हाती लागलं नसतं तर आणखी एक बादली रिकामी झाली असती. डॉक्टर म्हणाले, चूक नाही, साठच बरोबर. दात जपायचे तर चावताना घाई करू नये, हे मी पेशंटना रोज सांगतो. मग त्यांनी हिशोब केला. मिनिटाला साठ मीटर म्हणजे किती, तर माणूस सावकाश चालतो तितकं. "आणि माणूस चालतो तेवढ्या वेगाने फिरणारी मोटर," ते म्हणाले, "माझ्या घरात आहे."

ती त्यांच्या ट्रेडमिलची मोटर होती. घरातल्या घरात चालून वजन उतरवायचं म्हणून डॉक्टरांनी ती घेतली होती आणि गेली काही वर्षं तिच्यावर त्यांचे पांढरे अ‍ॅप्रन वाळत होते. अ‍ॅप्रन दोरीवर गेले, मोटर गॅरेजात आली. दोघांनी मिळून पट्टे आणि पुल्या बदलत बदलत शेवटी असं जमवलं की ट्रेडमिलचा पट्टा जितका चालला असता तितकंच पातं चालेल. या कामात दोन म्हाताऱ्यांना जो आनंद झाला तो रविवार डोक्यावर असताना होणं बरं नव्हे, पण झाला. काकू वरून चहा पाठवत होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या.

एकच अडचण होती. मोटर एकटी येईना. तिला तिचा आकडे दाखवणारा, बोलणारा पडदा लागे, तो जोडल्याशिवाय ती जागची हलत नसे. म्हणून बँडसॉच्या डोक्यावर ट्रेडमिलचा पडदा बसला. शिवाय त्याला एक दोरी होती आणि दोरीच्या टोकाला लाल चिमटा. चालणाऱ्याने तो सदऱ्याला लावायचा. चालणारा घसरला की दोरी निघते आणि यंत्र थांबतं. सर पाइप उचलायला वाकले की त्यांच्या यंत्राला वाटे, म्हातारा पडला. ते थांबे. तीनदा असं झाल्यावर काकूंना खाली बोलावण्यात आलं, चिमटा त्यांच्या पदराला लावण्यात आला आणि स्टुलावर बसून त्या कागदोपत्री चालू लागल्या.

पहिला पाइप लागला. पातं फिरत होतं, पाइप चकचकीत होत होता, पण कापला जात नव्हता. सरांनी जोर लावला. डॉक्टरांनी जोर लावला. पाइपाला आरशासारखी चकाकी आली. काकू शेवटी म्हणाल्या की मला यातलं काही कळत नाही, पण हे दात वर बघतायत, खाली बघायला नकोत का? पातं उलटं बसलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी त्यानंतर बराच वेळ दाताबद्दल एकही शब्द काढला नाही.

पातं उलटवून पुन्हा चढवलं, तोवर पडद्याने आपलं सगळं विसरून नव्याने सुरुवात केली. त्यावर प्रश्न आला: वय? आधी डॉक्टरांनी स्वतःचंच काहीतरी भरलं होतं. आता सर पुढे झाले. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, तिथे सेक्रेटरी देखरेखीसाठी येऊन उभे होते, आणि ताठ बोटाने भरलं: पस्तीस.

"अहो," काकू म्हणाल्या.

"यंत्राला काय कळतंय," सर म्हणाले.

यंत्राला सगळं कळलं. पस्तिशीच्या माणसाला काय झेपतं ते त्याला पाठ होतं. सुरुवातीला पातं शहाण्यासारखं चाललं, पाइपात अर्धं शिरलं आणि सरांच्या चेहऱ्यावर वेल्डरला भेटायला निघाल्याचा भाव आला. इतक्यात पडद्यातून गोड आवाजात एक बाई म्हणाली, "छान. आता पळू या." आणि पातं पळालं. पाइप गोल, तो टेबलावर गरकन फिरला, सरांच्या हातून सुटला, पातं किंचाळलं आणि तुटलं. पाइप घरंगळत सेक्रेटरींच्या पायाशी जाऊन थांबला. कुणाला काही लागलं नाही. सेक्रेटरींनी खाली वाकून तो उचलला, नीट पाहिला आणि कापलेला भाग बराच सरळ आलाय, एवढंच बोलून ते निघून गेले. ओरडले असते तर परवडलं असतं.

डॉक्टरही गेले. सर स्टुलावर बसले. एकच पातं उरलं होतं आणि उद्या शनिवार. थोड्या वेळाने ते म्हणाले की तो फ्लॅट काही वाईट नसावा. उजेड छान आहे म्हणते ती.

काकूंना त्यांचा राग आला होता, तो या वाक्याबरोबर गेला. इतक्या वर्षांत या माणसाने हार मानलेली त्यांनी पाहिली नव्हती, आणि ती बघायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी पाकिटातून शेवटचं पातं काढलं.

"हे बसवा," त्या म्हणाल्या. "दात खाली."

सरांनी बसवलं. गोल पाइप पुन्हा फिरू नये म्हणून त्यांनी लाकडाच्या ठोकळ्याला खाच पाडून त्यात तो शिकंज्याने आवळला. हे काम मात्र ते लाकूडवाले असल्यामुळे फार सुरेख झालं. मग काकूंनी चिमटा पदराला लावला, पडद्यासमोर गेल्या आणि वयाच्या जागी भरलं: एकाहत्तर. सर काही बोलणार होते.

"इथे कोणी नाही," काकू म्हणाल्या. "मी आहे, आणि मला माहीत आहे."

पडद्याने क्षणभर विचार केला. मग बाई फारच आदराने म्हणाली, "सावकाश सुरुवात करू या." पातं चालू लागलं. साडेतीनाच्या पुढे आकडा जाईना. एकाहत्तरीच्या माणसाला त्याहून जास्त वेग द्यायची त्या यंत्राची तयारीच नव्हती. सरांनी पटकन हिशोब केला. ताशी साडेतीन किलोमीटर म्हणजे मिनिटाला साठ मीटरला जरासंच कमी. पाकिटावर जे छापलं होतं जवळजवळ तेच. पाइप पात्याला टेकला. किंचाळी नाही, ठिणगी नाही. बारीक बारीक चुरा खाली पडत राहिला आणि पातं आपल्या चालीने पाइपातून आरपार गेलं. तुकडा टेबलावर पडला तेव्हा सरांनी तो हातात घेतला. तो जेमतेम कोमट होता.

मग दोघांची बैठक जमली. सर पाइप लावत, काकू बसल्या जागी चालत. मधूनच बाई म्हणे, "फार छान चाललात. पाणी प्या." काकू पाणी पीत. ठरावीक वेळाने यंत्र आपणहून मंद होई आणि म्हणे, "आता विश्रांती." सुरुवातीला सर त्यावर चिडले, मग तेही बसू लागले. बसल्या बसल्या त्यांनी एकदा विचारलं की तुला बारावा मजला आवडला असता का? काकू म्हणाल्या की खरं सांगू, इथे मला भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखतात, तिथे मी लिफ्टमधल्या आरशाशी बोलत बसले असते. हे दोघांनी एकमेकांना आजवर विचारलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे झाले आणि पडद्याने काकूंचं अभिनंदन केलं. त्या बऱ्याच लांब जाऊन आल्या होत्या.

वेल्डरने तुकडे उलटेसुलटे करून पाहिले आणि कुठे कापून आणले म्हणून विचारलं. घरी, असं सर म्हणाले. एवढाच एक शब्द, पण तो त्यांनी असा उच्चारला की त्यांचं त्या दिवसाचं जेवण त्यातच झालं. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर, सर आणि देखरेख सोडून हातात पाना घेतलेले सेक्रेटरी, तिघांनी मिळून रेलिंग भिंतीला आवळलं. उतरणाऱ्याच्या उजव्या हाताला.

रविवारी मुलगी आली. तिने खालूनच रेलिंगला धरून दोन हिसके दिले. हललं नाही. मजबूत आहे, ती म्हणाली. इमारतीतली निम्मी माणसं आपापल्या दारात कामाशिवाय उभी होती. मुलगी वर आली आणि आईला म्हणाली की आई, आता तू एकदा उतरून दाखव, मला बघायचंय तुला कितपत जमतं ते.

काकू उतरल्या. खरं तर त्यांनी जरा लंगडायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात खालून भाजीवाल्याने हाक दिली आणि त्या जन्मभर उतरल्या तशाच भराभर उतरल्या, रेलिंगला न शिवता. पिशवी घेऊन तशाच वर आल्या. वळणावर त्यांना आपली चूक कळली आणि त्या थांबल्या.

मुलगी आईकडे बघत होती. "आई, तुझे गुडघे तर ठणठणीत आहेत. मग हे रेलिंग कुणासाठी?"

डॉक्टरांनी आपल्या दाराची कडी तपासायला घेतली. काकू तोंड उघडणार, कंबर दुखते असं काहीतरी त्यांच्या जिभेवर आलंही होतं. सरांनी ते पाहिलं. आपल्यासाठी ही बाई आता कंबरही दुखवणार, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना फार लाज वाटली.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मी पडलो होतो. याच जिन्यात. हिने झाकलं."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी रेलिंगवर हात ठेवला आणि ते उतरू लागले. एक पायरी, मग दुसरी. वळणावर थांबले, पाय नीट टेकवला, मग पुढची. घाई केली नाही. असे ते तळाशी पोचले. मग सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरून म्हणाले की हे बरं झालं, गेल्या पावसाळ्यात मीही पडलो होतो. छत्र्यांचे आकडे मागणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्या दोनदा.

मुलगी खाली आली. ती रागावली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं, आणि दोन्ही एकदम कसं सांभाळावं ते तिला कळत नव्हतं.

"फ्लॅट नको म्हणून सांगते मी त्यांना," ती म्हणाली. "पण बाबा, परत पडलात तर मला सांगायचं. आईच्या गुडघ्यांवर घालायचं नाही."

सरांनी मान हलवली. मुलीने त्यांचा दुसरा हात धरला. वरून काकू पिशवी सावरत म्हणाल्या, "चला, सुटले माझे गुडघे एकदाचे," आणि भाजी घेऊन घरात गेल्या.